परदेशी निघालेल्या आई-बाबांची औषधं: महिनाभर आधीपासून करायची तयारी

एप्रिल उजाडला की औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते: "सहा महिन्यांची सगळी औषधं एकदम द्या, मुलाकडे चाललोय." तिकीट काढून झालेलं असतं, व्हिसा लागलेला असतो, भाजणी, मेतकूट, लोणच्याची यादीही तयार असते. औषधं मात्र निघायला दोन दिवस उरले की आठवतात. फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभं राहून हे मी वर्षानुवर्षं बघतोय आणि दर वेळी जीव खालीवर होतो. दोन दिवसांत गोळ्या मिळतात हो, पण परवानगी, डॉक्टरांचं पत्र, एखादी गोळी बदलून घेणं यातलं काहीच होत नाही.

पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांची तयारी करून देणाऱ्या मुला-मुलींसाठी हे लिहितोय. आपल्या गावातल्या डॉक्टरांनी सहज लिहून दिलेली गोळी दुसऱ्या देशाच्या कायद्यात अमली पदार्थांच्या यादीत असू शकते. तिथल्या अधिकाऱ्याला तुमचे गुडघे, तुमची झोप, तुमची शुगर यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्यासमोर असते ती पट्टी, तिच्यावर छापलेलं नाव आणि सोबतचा कागद. म्हणून घरच्या टेबलावर बसून, निदान चार आठवडे आधी, पुढची कामं सुरू करा.

पायरी १: सगळी औषधं बाहेर काढा आणि पट्टीवरचं बारीक अक्षर वाचा

फ्रिजमधली, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातली, पर्समधली, उशाशी ठेवलेली, सगळी औषधं एकत्र आणा. "कधीतरी लागते" म्हणून ठेवलेली गोळीसुद्धा. बहुतेक वेळा अडचण रोजच्या गोळीची नसते, ती या कधीतरीवालीचीच असते.

आता प्रत्येक पट्टी उलटी करा. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, ते सोडून द्या. त्याच्याखाली बारीक अक्षरात घटक दिलेले असतात, ते एका वहीत उतरवून काढा. चष्मा लावूनही दिसत नसेल तर फोनवर फोटो काढून मोठा करा. काही घटक दिसले की तिथे लाल पेनाने खूण करा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, एटिझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल, कोडीन, प्रिगाबॅलिन, क्लोरडायझेपॉक्साइड, डायफेनॉक्सिलेट.

ही नावं वाचून "आमच्याकडे असलं काही नाही" असं वाटणं स्वाभाविक आहे. तरीही बघाच, कारण ही औषधं साध्यासुध्या तक्रारींच्या गोळ्यांमध्ये असतात. मधुमेहामुळे तळपायांची आग होते म्हणून दिलेली गोळी घरात "व्हिटॅमिनची गोळी" म्हणून ओळखली जाते. तिच्यात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, असतंच, पण पुष्कळदा सोबत प्रिगाबॅलिनही असतं. प्रिगाबॅलिन अमिरातीत आणि सौदीत नियंत्रित, म्हणजे कायद्याने खास बंधनं घातलेलं, औषध आहे. ब्रिटनमध्येही २०१९ पासून ते नियंत्रित यादीत आहे. पोटात मुरडा येतो, सारखं शौचाला जावं लागतं म्हणून वर्षानुवर्षं घेतली जाणारी नॉर्मॅक्सिन बघा. तिच्यात क्लोरडायझेपॉक्साइड आहे, म्हणजे डायझेपामच्याच कुळातलं औषध. कंबरदुखीवरच्या अल्ट्रासेटमध्ये पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडोल आहे. जुलाबावरच्या लोमोटिलमध्ये डायफेनॉक्सिलेट आहे. खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं.

आणखी एक सोपी खूण म्हणजे पट्टीवर डाव्या बाजूला वर लाल रंगात छापलेली अक्षरं. नुसतं "आरएक्स" असेल तर ते चिठ्ठीवर मिळणारं औषध. "एनआरएक्स" असेल तर ते भारतातच अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतं. अशी पट्टी परदेशी नेताना चौकशी केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. पण "एनआरएक्स" नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. प्रत्येक देशाची यादी वेगळी असते.

ही भीती उगाच घालत नाही. २०१७ मध्ये एका ब्रिटिश महिलेला इजिप्तमध्ये ट्रामाडोलच्या २९० गोळ्यांसह पकडलं गेलं. आपण जोडीदाराच्या पाठदुखीसाठी त्या आणल्या, त्यांच्यावर तिथे बंदी आहे हे माहीत नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. माहीत नव्हतं, हा बचाव जवळजवळ कुठल्याच देशात चालत नाही.

पायरी २: कुठे जाताय आणि वाटेत कुठे उतरताय, दोन्ही देशांचे नियम बघा

मुंबईहून अमेरिकेला जाणारे पुष्कळ जण दुबई, अबू धाबी किंवा दोह्याला विमान बदलतात. "आम्ही तर नुसते विमान बदलणार" असं म्हणून चालत नाही. त्या विमानतळावर तुम्ही त्या देशाच्या हद्दीत असता. शिवाय पुढचं विमान चुकलं तर बॅगा घेऊन बाहेर हॉटेलात जायची वेळ येऊ शकते.

संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषध नेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. पासपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि वैद्यकीय अहवाल जोडावा लागतो. सौदी अरबस्तानातही नियंत्रित औषधांसाठी आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. हज-उमराला निघालेल्या ज्येष्ठांनी झोपेच्या आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांबाबत हे आवर्जून करावं. टूरवाल्यावर सोडू नका, अर्ज स्वतः भरा किंवा समोर बसून भरून घ्या.

सिंगापूरला नेहमीची औषधं तीन महिन्यांपर्यंत नेता येतात. मात्र अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, कोडीन अशा औषधांसाठी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि तिचा अर्ज निघण्याआधी किमान दहा कामाचे दिवस करायला सांगितलं आहे. जपान सर्वांत काटेकोर. एक महिन्याहून जास्त पुरेल इतकं चिठ्ठीवरचं औषध न्यायचं असेल तर 'युन्यू काकुनिन्शो' नावाचं प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं. काही उत्तेजक औषधं तर तिथे चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांपर्यंतची औषधं चालतात, पण उतरताना भरायच्या कार्डावर औषधं असल्याचं जाहीर करायचं. तिथे "होय" वर खूण केली म्हणून कुणी अडकत नाही. लपवल्यावर मात्र अडकतात.

अमेरिकेसाठी नियम साधारण असा, की स्वतःच्या वापरापुरती, जास्तीत जास्त नव्वद दिवसांची औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्यावीत. आता आपल्याकडे बऱ्याच ज्येष्ठांना घाबरल्यासारखं होतं, झोप लागत नाही म्हणून एटिझोलाम दिलेलं असतं. ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूरच नाही, आणि २०२३ पासून तिथल्या सर्वांत कडक अशा पहिल्या सूचीत टाकलेलं आहे. डॉक्टरांचं पत्र जोडून ही गोळी अमेरिकेला नेता येत नाही. ती बदलूनच घ्यायला हवी. आणि ती एका दिवसात बंद करायची नसते, हळूहळू कमी करायची असते. महिनाभर आधी सुरुवात करा असं मी पुन्हा पुन्हा म्हणतो, त्याचं हे एक मोठं कारण.

नियम बदलत राहतात. म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबू नका. त्या देशाच्या दूतावासाचं किंवा आरोग्य खात्याचं अधिकृत पान उघडा, ज्या दिवशी बघितलं त्या दिवसाची प्रत छापून फाइलमध्ये ठेवा.

पायरी ३: डॉक्टरांकडे एक खास फेरी

नेहमीच्या तपासणीत जाता जाता "डॉक्टर, एक लेटर द्या" असं नको. वेगळी वेळ घ्या, वही सोबत न्या. तीन गोष्टी करून घ्यायच्या आहेत.

एक म्हणजे लाल खुणा केलेल्या प्रत्येक गोळीबद्दल विचारा: ही लागतेच का? दुसरी चालेल का? पुष्कळदा डॉक्टरच म्हणतात, की ही आता बंद केली तरी चालेल. प्रवासाच्या निमित्ताने औषधांची अशी छाटणी झाली तर उत्तमच. पण स्वतःच्या मनाने काहीही सोडू नका. झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या तर अजिबात नाही.

दुसरी गोष्ट पत्र. लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप केलेलं. त्यात आजार, प्रत्येक औषधाचं घटक-नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, प्रवासाच्या किती दिवसांसाठी किती गोळ्या सोबत आहेत, हे सगळं यावं. खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. इन्सुलिन असेल तर "सुया आणि सिरिंज सोबत बाळगणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक" हे वाक्य स्वतंत्रपणे लिहून घ्या.

पत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं, आणि आपल्याकडे घोटाळा इथेच होतो. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, दवाखान्यातला केसपेपर सासरच्या नावाने, आणि दुकानातल्या बिलावर नुसतं "जोशी काकू"! वडिलांच्या पासपोर्टवर पूर्ण नाव, तर चिठ्ठीवर "आर. बी. पाटील". डॉक्टरांसमोर पासपोर्टची झेरॉक्स ठेवा आणि त्यातलं नाव जसंच्या तसं उतरवायला सांगा. बिल करतानाही केमिस्टला तेच नाव घालायला सांगा.

तिसरी गोष्ट वेळापत्रक. त्याबद्दल पुढे येतंच.

पायरी ४: किती घ्यायची आणि कशी बांधायची

मुक्कामाचे दिवस, अधिक आठवडा-दहा दिवसांची जादा, हा हिशेब. विमान रद्द होतं, मुक्काम वाढतो, गोळी बेसिनमध्ये पडते. पण हा आकडा त्या देशाच्या मर्यादेत बसला पाहिजे.

मग अमेरिकेत सहा महिने राहणाऱ्यांचं काय? नव्वद दिवसांची सोबत न्या. पुढची तीन प्रकारे मिळू शकतात. तिथल्या डॉक्टरांना दाखवून तिथली चिठ्ठी घ्यायची, कारण आपली चिठ्ठी तिथल्या औषध दुकानात चालत नाही. मेटफॉर्मिनसारखी जुनी जेनेरिक औषधं तिथे विमा नसतानाही बऱ्यापैकी स्वस्त पडतात. दुसरा मार्ग म्हणजे भारतातून मागवणं. नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला ते करता येतं, पण पार्सलमध्ये पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि इंग्रजी चिठ्ठी हवीच. कागदांशिवाय पाठवलेली खोकी कस्टम्समध्ये पडून राहतात आणि इकडे गोळ्या संपतात. तिसरा मार्ग, मधल्या काळात कुणी आप्त येणार असेल तर त्याच्यासोबत मागवायचं, असा पुष्कळांना वाटतो. मी तो कुणालाच सुचवत नाही. कारण खाली, सातव्या पायरीत.

औषधं घेताना अख्ख्या पट्ट्या मागा. आमच्याकडे सहा गोळ्या मागितल्या की पंधराच्या पट्टीला कात्री लागते, आणि मुदत संपण्याची तारीख, बॅच नंबर, कधी कधी नावसुद्धा दुसऱ्या तुकड्यावर राहून जातं. घरी हे चालून जातं, कारण गोळीचा रंग ओळखीचा असतो. कस्टम्सच्या टेबलावर तो तुकडा म्हणजे बेवारशी गोळ्या. मुदत परतीच्या तारखेच्या पुढची आहे ना, हेही दुकानातच बघून घ्या. आणि पक्कं बिल घ्या.

पट्टीतून गोळ्या काढून डबीत भरणं, जागा वाचवायला खोकी फेकून देणं, दोन औषधं एका बाटलीत ठेवणं, हे सगळं प्रवासात टाळा. सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खणांची डबी आई-बाबांना लागत असेल तर ती रिकामी न्या आणि पोचल्यावर भरा. विमानातल्या दिवसापुरती एखाद-दुसरी पट्टी हाताशी असली की पुरे.

सगळी औषधं केबिन बॅगेत ठेवायची. चेक-इन बॅग हरवते, उशिरा येते, आणि सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठायचा धोका असतो. त्यातही औषधांचा पाउच वेगळा, चटकन काढता येईल असा ठेवा. विमान भरलेलं असलं की दारातच केबिन बॅग काढून घेऊन खाली टाकतात, तेव्हा तो पाउच हातात राहिला पाहिजे. व्हीलचेअर घेतली असेल तर पाउच आई-बाबांच्या मांडीवर, मागच्या पिशवीत नाही. दोघं मिळून जात असतील तर प्रत्येकाची औषधं स्वतःच्या बॅगेत, स्वतःच्या कागदांसह. बाबांच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये सापडल्या की उगाच प्रश्न वाढतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आणि दम्याचा पंप मात्र पाउचमध्येही नको. ही दोन्ही थेट खिशात हवीत.

पातळ औषधांना १०० मिलीलिटरची मर्यादा सहसा लागू होत नाही, कारण वैद्यकीय गरजेच्या द्रवांना सूट आहे. मात्र तपासणीच्या पट्ट्यावर बॅग ठेवायच्या आधीच "औषध आहे" असं सांगून ते वेगळं काढायचं.

पायरी ५: इन्सुलिन असेल तर

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं. वापरायला काढलेलं पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते. नेमके किती दिवस आणि किती अंशांपर्यंत, ते खोक्यातल्या पत्रकात असतं. म्हणजे वीस तासांच्या प्रवासात इन्सुलिन उन्हापासून वाचवायचं आहे, बर्फात पुरायचं नाही. थर्मासमध्ये थेट बर्फावर बाटली ठेवली की ती गोठते, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी कामाचं राहत नाही, फेकूनच द्यायचं. जेल पॅक वापरा, पॅक आणि बाटली यांच्यामध्ये नॅपकिनची घडी घाला. पाण्यात भिजवून वापरायचे गारवा देणारे पाउच मिळतात, तेही चांगले. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला बर्फ धरतो, तिकडे ठेवू नका, दाराच्या कप्प्यात ठेवा. विमानातल्या कर्मचाऱ्यांना फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नका. उतरताना विसरायची शक्यताच जास्त.

आता याहून महत्त्वाचं, आणि ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या अजूनही एका मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज येते. अमेरिका, युरोप, आखात, बहुतेक ठिकाणी बाटली १०० युनिटची असते आणि तिची सिरिंज नारिंगी टोपणाची. समजा इकडची बाटली संपली, तिकडे नवी घेतली आणि सिरिंज मात्र आपली लाल टोपणाचीच वापरली. २० च्या रेघेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात ५० युनिट शरीरात जातात. अडीचपट! शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून बाटली तिकडची तर सिरिंजही तिकडची, हा नियम आई-बाबांच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सहा महिने जायचं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून पेनवर यायचं का, हे ठरवा. पेनमध्ये हा घोळ उरत नाही.

विमानात जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर येईपर्यंत घेऊ नका. "आता जेवण येईल" अशी घोषणा होते, मग विमान हलायला लागतं, गाड्या मागे फिरतात आणि जेवण तासभर लांबतं. खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेच्या पुड्या हव्यातच. परक्या शुगर मशीनवर आकडा विचित्र दिसला तर घाबरू नका. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात वेगळ्या एककात मोजतात. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. तिकडचे १० म्हणजे आपले १८०.

पायरी ६: गोळीची वेळ आणि घड्याळ

दुबईशी आपला फरक दीड तासाचा, त्यासाठी काही करायची गरज नाही. न्यूयॉर्कशी तो उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा होतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखडतो. इन्सुलिन, फिटची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, पार्किन्सनची गोळी, यांचा प्रवासाच्या दोन दिवसांचा तक्ता डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तक्त्यात भारतीय वेळ आणि तिथली वेळ शेजारी शेजारी लिहा. पोचेपर्यंत बाबांच्या हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. बीपी, थायरॉइड, कोलेस्टेरॉलच्या दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीला काही तास इकडेतिकडे झाल्याने सहसा बिघडत नाही, तरी तीही विचारून घ्या. कुठलीही गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

पायरी ७: आयुर्वेदिक, पुड्या आणि दुसऱ्यांची पाकिटं

"आयुर्वेदिक आहे, त्याला काय होतंय" असं म्हणत पिशवीत टाकलेल्या गोष्टींकडेही बघा. कागदाच्या पुडीतली भस्मं आणि लेबल नसलेल्या बाटलीतल्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या नेऊ नका, त्या काय आहेत हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. पारा किंवा शिसं असलेले रसकल्प, म्हणजे धातू-खनिजांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं, आणि भस्मं पाश्चात्त्य देशांत अडवली जातात. भांग, म्हणजे लेबलवर "विजया", किंवा अफू असलेली औषधं तर घराबाहेरही काढू नका. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांच्यात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. सौदी आणि कुवेतसारख्या दारूबंदीच्या देशांत ती बाटली नकोच.

याच ओघात खसखस. ती औषध नाही, पण औषधांच्या शेजारीच बॅगेत जाते. अमिरातीत आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. नुसती पुडीच नव्हे, अनारशांवर लावलेली, डिंकाच्या लाडवात घातलेली खसखसही तीच. दिवाळीच्या फराळाचा डबा दुबईला जाणार असेल तर अनारसे आणि ते लाडू घरीच ठेवा.

आणि दुसऱ्याचं पाकीट. सोसायटीतल्या कुणाच्या मुलाला गोळ्या पोचवायच्या असतात, नाही म्हणणं अवघड जातं. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं दोह्याच्या विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्या व्यक्तीने सोबत दिलेल्या पाकिटात चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ते निर्दोष असल्याचं कोर्टाने मान्य करून सुटका होईपर्यंत २०२१ उजाडलं होतं, आणि त्यांचं बाळ तुरुंगातच जन्माला आलं. आपल्या नावाची चिठ्ठी नसलेलं औषध तुमच्या बॅगेत तुमचंच ठरतं. "आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, फक्त आमचीच औषधं न्यायची" असं स्पष्ट सांगा. जवळच्या माणसालाही सांगा.

पायरी ८: पाउचमध्ये एक कागद, फोनमध्ये त्याचा फोटो

एका पानावर तक्ता करा: ब्रँड, घटक, ताकद, वेळ, कशासाठी. वर नाव, पासपोर्ट क्रमांक, अॅलर्जी, रक्तगट. खाली मुलाचा तिथला फोन. घटकाचं नाव महत्त्वाचं, कारण ब्रँड देशागणिक बदलतो. तिकडे "क्रोसिन" मागून मिळत नाही, आणि अमेरिकेत पॅरासिटामॉलला अॅसिटॅमिनोफेन म्हणतात, पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. अशी तिकडची नावं कंसात लिहून ठेवा. नाहीतर बाबा आपली क्रोसिन आणि तिकडची अॅसिटॅमिनोफेन अशी दोन्ही घेतात, आणि एकाच औषधाचा दुप्पट डोस यकृतावर जातो. आपल्याकडे दोन-तीन औषधं एका गोळीत घालायची पद्धत फार आहे. तशीच जोडगोळी तिकडे मिळेल असं नाही, म्हणून प्रत्येक घटक आणि त्याचे मिलिग्रॅम वेगळे लिहा.

इंग्रजी न येणाऱ्या आईला हा कागद कसा पुढे करायचा ते घरी दाखवून ठेवा. अधिकाऱ्याने विचारलं की पाउच उघडायचा, वरचा कागद आणि पत्र द्यायचं, गप्प राहायचं. घाबरून "हे माझं नाही" असं कधीही म्हणायचं नाही.

पोचल्यावर आणि परतताना

पहिल्याच संध्याकाळी इन्सुलिन फ्रिजच्या दारात, फोनवर तिथल्या वेळेचे गजर, आणि नातवंडांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर औषधं. आपल्या पट्टीला मुलाने उघडू नये असं झाकण नसतं, हे तिकडच्या घरात विसरलं जातं. गोळ्या वीस दिवसांच्या उरल्या की पुढच्या औषधांची व्यवस्था सुरू करा, चार दिवसांच्या उरल्यावर नाही.

परतीच्या बॅगेत नवी औषधं येतात. तिकडे दात काढला, दुखण्यासाठी कोडीनची गोळी दिली, उरलेल्या दहा गोळ्या "असू देत" म्हणून ठेवल्या, आणि येताना विमान पुन्हा दुबईला थांबणार आहे. त्या गोळ्या तिथल्याच औषध दुकानात विल्हेवाटीसाठी देऊन या. जी सोबत घ्यायचीच आहेत, त्यांची तिकडची चिठ्ठी आणि नाव छापलेली मूळ बाटली बरोबर ठेवा, आणि पहिल्या पायरीतली लाल पेनाची यादी पुन्हा एकदा काढून ताडून बघा.